पाच मात्रांचा लेहरा: डेव्ह ब्रूबेक नावाचा पियानोवादक

तबला शिकलेल्या माणसाला डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीची ‘टेक फाइव्ह’ ही जॅझ रचना ऐकवून बघा. तो आधी काहीच बोलत नाही. अंगठा मात्र बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो. एक-दोन-तीन, एक-दोन. एक-दोन-तीन, एक-दोन. चार-सहा वेळा असं झालं की चेहरा खुलतो आणि निकाल लागतो : ‘अर्धा झपताल आहे की हा! पण उलटा.’

निकाल बरोबर आहे. झपताल दहा मात्रांचा, त्याचे खंड दोन-तीन-दोन-तीन. ‘धीं ना, धीं धीं ना’ एवढा अर्धा तुकडा घेतला तर दोन आणि तीन. ‘टेक फाइव्ह’मध्ये तीन आधी आणि दोन नंतर. आपल्याकडे तबल्याच्या क्लासातली शाळकरी पोरं झपताल हातावर धरतात, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. मग १९५९ साली अमेरिकेत याच पाच मात्रा वाजवणाऱ्या चौघांची रेकॉर्ड छापायला कंपनीतली माणसं का बिचकली? आणि पुढे तीच रेकॉर्ड दहा लाखांवर कशी खपली?

त्यासाठी आधी जॅझचं गणित थोडं समजून घेऊ. जॅझची रचना ढोबळमानाने अशी असते : सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात. त्या धुनेखाली स्वरसमूहांची, म्हणजे कॉर्ड्सची, ठरलेली साखळी असते. धून संपली की साखळी तशीच पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. शेवटी सगळे पुन्हा मूळ धुनेवर येतात. बंदिश, मग विस्तार, मग पुन्हा मुखडा, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे आवर्तन तालाचं असतं, तिथे ते कॉर्ड्सच्या साखळीचं असतं.

या सगळ्याखालचा ठेका मात्र जवळपास नेहमी चारचा. अधूनमधून वॉल्ट्झ, म्हणजे तीनचा. कारण साधं आहे. जॅझ वाढलं ते नाचघरांत. नाचणाऱ्याला पाय दोन. पाच मात्रांवर नाचायला गेलं तर दर आवर्तनाला उजव्याच्या जागी डावा पाय पडणार आणि जोडीदारीण वैतागणार. शिवाय चारच्या ठेक्यात वादक प्रत्येक मात्रेचे दोन अर्धे सारखे वाजवत नाहीत. पहिला अर्धा लांबवतात, दुसरा उशिरा टाकतात. त्यामुळे जो झोल येतो त्याला ‘स्विंग’ म्हणतात, आणि जुन्या जाणकारांच्या मते स्विंग नाही तर जॅझ नाही. चार सोडले तर स्विंग जाईल, ही भीती खरी होती.

आता माणसाकडे वळू.

डेव्ह ब्रूबेकचा जन्म ६ डिसेंबर १९२० चा, कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावचा. आई पियानो शिकवायची. इंग्लंडला जाऊन मायरा हेस या नामवंत पियानोवादिकेकडे शिकून आलेली. वडील गुरंवाले, दोर फेकून वासरू पकडण्यात पटाईत. तीन भावांतले थोरले दोघं संगीतात गेले. धाकट्या डेव्हला वडिलांसारखं गुरांमागे जायचं होतं. तो अकरा-बारा वर्षांचा असताना हे कुटुंब आयोन या गावी पंचेचाळीस हजार एकरांच्या कुरणावर राहायला गेलं. तिथे पोराकडे एक कंटाळवाणं काम असायचं : दूरवरच्या पाण्याच्या टाक्या छोट्या इंजिनाच्या पंपाने भरायच्या. टाकी भरेपर्यंत बसून राहायचं, ऐकायला काय, तर इंजिनाची धडधड. ती धडधड एका चालीची नसायची, आणि तो तिच्यावर मनातल्या मनात दुसरी लय चढवायचा. घोड्यावर बसून जाता-येताही हाच उद्योग. खाली टापांची ठरलेली चाल, वर डोक्यात तिच्याशी न जुळणारी दुसरी.

एका लयीवर दुसरी लय चढवण्याला पाश्चात्त्य संगीतात पॉलिरिदम म्हणतात. आपल्याकडे याला आड लय म्हणता येईल. डाव्या हाताने गुडघ्यावर दोन ठोके द्या, तेवढ्याच वेळात उजव्याने तीन. सुरुवातीला हात भांडतात, मग जुळतात, आणि जुळले की सोडवत नाही. ब्रूबेकला हे कुणी शिकवलं नाही. पंपाने शिकवलं म्हणायला हरकत नाही.

आईकडून तो पियानो शिकला खरा, पण एक गोष्ट शिकला नाही. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं. जन्मापासून डोळ्यांत दोष होता, कागदावरच्या टिंबांवर नजर ठरायची नाही. कानाने ऐकून इतकं हुबेहूब वाजवायचा की लबाडी खपून जायची. स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये तो गुरांचा डॉक्टर व्हायला गेला. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला ओळखलं आणि सांगितलं, तुझं लक्ष इथे नाही, समोरच्या संगीत विभागात आहे, तिकडे जा. तिकडे गेला, आणि शेवटच्या वर्षी पकडला गेला. पियानोचा विद्यार्थी आणि समोरचा कागद वाचता येत नाही! विभागप्रमुख पदवी द्यायला तयार होईनात. रचनाशास्त्र शिकवणारे प्राध्यापक मात्र भांडले, की असा विद्यार्थी आम्ही पाहिला नाही. अखेर तोड निघाली. पदवी देऊ, पण आयुष्यात कधी पियानो शिकवणार नाही असा शब्द द्यायचा. ब्रूबेकने दिला. १९४२ साली पदवी मिळाली, त्याच वर्षी आयोलाशी लग्न झालं आणि सैन्याचं बोलावणंही आलं. (याच संस्थेने २००० साली त्याच्या नावाने संगीतशिक्षणाचं केंद्र उघडलं.)

युद्धात त्याला पियानोने वाचवलं. १९४४ मध्ये तो जनरल पॅटनच्या फौजेत फ्रान्सला पोचला. आघाडीवर जायच्या सुमारास रेड क्रॉसचा करमणुकीचा कार्यक्रम होता, पियानो कुणी वाजवेल का म्हणून विचारणा झाली, आणि याने हात वर केला. ऐकणाऱ्या कर्नलने ठरवलं की या पोराला आघाडीवर पाठवायचं नाही, बँड काढायला लावायचा. ब्रूबेकने बँड काढला, आणि त्यात काळे सैनिकही घेतले. त्या काळी अमेरिकी सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. हे धैर्य कुठून आलं? लहानपणी वडिलांनी त्याला आपल्या ओळखीच्या एका काळ्या गुराख्याकडे नेलं होतं आणि छाती उघडून दाखवायला सांगितलं होतं. छातीवर डागणीची खूण होती, गुरांना डागतात तशी. ही आठवण सांगताना म्हाताऱ्या ब्रूबेकला कॅमेऱ्यासमोर रडू आवरलं नाही.

युद्धानंतर तो ओकलंडच्या मिल्स कॉलेजात दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे शिकला. मियोंची खासियत म्हणजे एकाच वेळी दोन पट्ट्या. समजा, एक गायक काळी एकमध्ये गातोय आणि शेजारी दुसरा पांढरी पाचमध्ये. आपण कान झाकू. पण हेच अंतर विचारपूर्वक बांधलं तर दोन रंग एकमेकांवर सांडावेत तसा परिणाम होतो. ब्रूबेकचा डावा हात एका पट्टीत आणि उजवा दुसऱ्या पट्टीत असतो, ते इथून आलं. मियोंनी त्याला आणखी एक गोष्ट बजावली : जॅझ सोडू नकोस, जगभर फिर आणि कान उघडे ठेव. शिष्याने गुरूचं ऐकलं. थोरल्या मुलाचं नावही दारियस ठेवलं.

१९५१ मध्ये हवाईच्या समुद्रात सूर मारताना तो वाळूच्या उंचवट्यावर आदळला. मानेला आणि मणक्याला मार बसला, हातांच्या नसा दुखावल्या. एकेरी स्वरांच्या वेगवान ताना घेणं अवघड झालं, तसा तो दोन्ही हातांनी भरघोस स्वरसमूह ठोकायला लागला. त्याच्या वादनाला ‘जड’, ‘ठोकळेबाज’ म्हणणारे टीकाकार पुढे खूप निघाले. खरं सांगायचं तर ते पूर्ण चूक नव्हते. सलग तासभर ब्रूबेक ऐकला तर कधी कधी कुणीतरी कपाटं सरकवतंय असं वाटतं. पण शेजारी पॉल डेझमंड उभा असला की त्याच जडपणाला अर्थ येतो.

डेझमंड म्हणजे ऑल्टो सॅक्सोफोन. अगदी हलका, कोरडा, गोड सूर. दोघांची ओळख सैन्यातली, पण मधल्या काळात डेझमंडने कामाच्या बाबतीत असा दगा दिला होता की या माणसाला घराची पायरी चढू द्यायची नाही, असं ब्रूबेकने बायकोला सांगून ठेवलं होतं. एक दिवस तो दारात आलाच. ब्रूबेक मागच्या अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होता. आयोलाने आत सोडलं. १९५१ मध्ये चौकडी उभी राहिली आणि सतरा वर्षं टिकली.

चौकडीचं पोट भरण्याची युक्तीही आयोलाचीच. दारूच्या क्लबांत रात्र-रात्र वाजवून संसार चालेना, तेव्हा तिने शंभराहून अधिक कॉलेजांना पत्रं लिहिली. बसून ऐकणारे, न नाचणारे विद्यार्थी हा श्रोता तिने शोधला. चार सोडून दुसरं काही वाजवायची मोकळीक मिळाली ती याच खुर्च्यांवरच्या श्रोत्यांमुळे. नोव्हेंबर १९५४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ब्रूबेकचं चित्र आलं. तेव्हा तो जॅझमधला थोर काळा संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच्याबरोबर दौऱ्यावर होता. सकाळी हॉटेलच्या खोलीचं दार वाजलं, समोर अंक घेऊन खुद्द एलिंग्टन. ब्रूबेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा मान आधी एलिंग्टनचा होता आणि गोरा असल्यामुळे आपल्याला तो लवकर मिळाला, हे त्याला कळत होतं.

१९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चौकडीला सांस्कृतिक दूत म्हणून बाहेर पाठवलं. शीतयुद्धाचे दिवस. रशिया बॅले पाठवी, अमेरिका जॅझ. पोलंड, तुर्कस्तान, भारत, सिलोन, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक असा लांबलचक दौरा. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने काही वादकांना नऊ मात्रांचा ठेका वाजवताना ऐकलं, आणि तो नऊ तीन-तीन-तीन नव्हता. दोन-दोन-दोन-तीन होता. रेडिओ केंद्रात पोचल्यावर त्याने तिथल्या वाद्यवृंदाला विचारलं, हे काय आहे? उत्तर मिळालं ते असं की तुम्हाला ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्यांचं जुनं लोकसंगीत) तसं आम्हाला हे. आणि सगळे तोच ठेका धरून आयत्या वेळी वाजवायला लागले.

मग भारत. उन्हाळ्याच्या तोंडावर ही मंडळी इथे होती. मुंबईत ब्रूबेकची गाठ उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली. सतारीच्या जाफरखानी बाजाचे हे जनक तेव्हा ऐन भरात होते. दोघांनी एकत्र वाजवलं. त्या सहवासाने आपलं वाजवणं बदललं, असं ब्रूबेकने नंतर लिहून ठेवलं. मद्रासला ड्रमवादक जो मोरेलो आणि मृदंगाचे थोर वादक पलनी सुब्रमण्य पिल्लै समोरासमोर बसले. परतल्यावर निघालेल्या ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या रेकॉर्डवर ‘कलकत्ता ब्लूज’ नावाचा तुकडा आहे. त्यात पियानोचा डावा हात तंबोऱ्यासारखा एका जागी धरून ठेवला आहे, उजवा सतारीसारखी एकेरी ओळ गुंफतो. मोरेलो काठ्या बाजूला ठेवून हातांनी वाजवतो. आपल्या कानांना तो प्रयत्न भाबडा वाटतो. मला तरी वाटला. पण भाबडेपणा लपवलेला नाही, हे आवडलं.

पुढच्या वर्षी, १९५९ च्या जून ते ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कच्या थर्टीएथ स्ट्रीटवर ‘टाइम आउट’ ही रेकॉर्ड झाली. कोलंबिया कंपनीचा तो स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्च. कंपनीच्या विक्रीवाल्यांना तीन गोष्टी खटकल्या : सगळ्या रचना नव्या (ओळखीचं गाणं एकही नाही), मुखपृष्ठावर वादकांच्या फोटोऐवजी नील फुजिताचं अमूर्त चित्र, आणि नाचता येणार नाहीत असे ठेके. अध्यक्ष गोडार्ड लीबरसन पाठीशी उभे राहिले म्हणून ती बाहेर आली.

पहिलाच तुकडा ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’. इस्तंबूलचा नऊ इथे आहे. मोजायचा तो असा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. हे तीन वेळा. चौथ्या वेळी त्याच नऊ मात्रा तीन-तीन-तीन अशा फोडल्या आहेत. आवर्तनाची लांबी बदललेली नाही, आतले खंड बदललेत. कान तीन वेळा फसतो आणि चौथ्यांदा जमिनीवर येतो, तिहाईनंतर (तीनदा वाजवलेल्या तुकड्यानंतर) समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आल्यासारखा. मध्येच सगळे साध्या चारच्या स्विंगमध्ये उतरतात, तेव्हा घट्ट बूट काढून चप्पल घातल्यासारखं वाटतं.

आणि मग ‘टेक फाइव्ह’. याची जन्मकथा अशी की मोरेलोला पाचच्या ठेक्यात खेळायला आवडायचं. कार्यक्रमांत तो तसं करायचा. ब्रूबेकने डेझमंडला सांगितलं, याच्यासाठी पाचमध्ये काहीतरी लिहून आण. डेझमंडने दोन धुना आणल्या, ब्रूबेकने त्या कशा जोडायच्या ते सुचवलं. म्हणजे ब्रूबेकच्या नावावर जगभर ओळखली जाणारी ही रचना त्याची नाहीच. पहिल्या दिवशी कुणी ना कुणी मात्रा चुकत राहिलं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. १ जुलैला जमलं. नावात कोटी आहे. इंग्रजीत ‘टेक फाइव्ह’ म्हणजे पाच मिनिटं सुट्टी घ्या.

ही रचना लोकप्रिय का झाली, याचं उत्तर माझ्या मते पियानोत आहे. पियानो सुरुवातीला एक छोटा दोन कॉर्ड्सचा तुकडा धरतो, पाच मात्रांचा, आणि जवळपास शेवटपर्यंत तोच वाजवत राहतो. एरवी जॅझमध्ये कॉर्ड्सची साखळी बदलत पुढे जाते. इथे मधल्या भागात सगळं त्या दोन कॉर्ड्सवर थांबलंय. डेझमंड त्याच्यावर तरंगतो. मग मोरेलोचा ड्रमचा सोलो सुरू होतो आणि पियानो तेच वाजवतोय. आता आठवा, एकल तबलावादनात पेटीवाला काय करतो? लेहरा धरतो. तीच ओळ पुन्हा पुन्हा, जराही न हलता, म्हणजे तबलजीने वाटेल तितकं लांब जावं आणि श्रोत्याला सम कुठे आहे ते कळत राहावं. मोरेलो इथे मात्रांच्या मध्ये, आधी, नंतर कुठेही ठोका टाकतो, मोठ्या जागा रिकाम्या सोडतो, आणि आपण हरवत नाही, कारण मागे ब्रूबेक लेहरा धरून बसलाय.

पियानोवादकाच्या सर्वांत गाजलेल्या ध्वनिमुद्रणात पियानोचा सोलोच नाही!

एक सावधगिरी. ही तुलना एका हद्दीपर्यंतच चालते. आपल्या तालात सम आहे, खाली (टाळीऐवजी रिकामा हात) आहे, प्रत्येक मात्रेला वेगळं वजन आणि बोल आहे. ‘टेक फाइव्ह’चा पाच म्हणजे ताल नव्हे, ते एक माप आहे. झपतालात विस्तार करणाऱ्या तबलजीसमोर ब्रूबेकचं गणित बाळबोध ठरेल. त्याचं मोठेपण अवघड गणितात नाही. मोजायची सवय नसलेल्या लाखो लोकांना न मोजता पाच आवडायला लावला, यात आहे. १९६१ मध्ये ही धून बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली, रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकापर्यंत. दहा लाख प्रती खपलेली ती जॅझची पहिली रेकॉर्ड मानतात. डेझमंड १९७७ मध्ये वारला, तेव्हा त्याने या धुनेची पुढची सगळी कमाई अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे लिहून ठेवली होती.

चौकडीचा चौथा माणूस राहिलाच. यूजीन राइट, डबल बास, काळा. १९६० मध्ये दक्षिणेतल्या पंचवीस कॉलेजांचा दौरा ठरला होता. कॉलेजांनी कळवलं, बासवाला गोरा आणा. ब्रूबेकने नकार दिला आणि वीसहून अधिक कार्यक्रम गेले. त्या काळात ती रक्कम छोटी नव्हती. मोठमोठी भाषणं करणारा हा माणूस नव्हता, पण पुढे आयोलाबरोबर त्याने ‘द रिअल अँबॅसडर्स’ नावाचं संगीतनाट्य लिहिलं. देशात ज्याला मागच्या दाराने आत यावं लागतं त्यालाच परदेशात देशाचा दूत म्हणून मिरवतात, या ढोंगावर त्यात बोट ठेवलंय. १९६२ मध्ये मॉन्टेरीला ते सादर झालं आणि मुख्य भूमिका लुई आर्मस्ट्राँग या थोर काळ्या ट्रम्पेटवादकाने केली.

१९६७ च्या अखेरीस चौकडी थांबली. नंतरची पंचेचाळीस वर्षं ब्रूबेकने धार्मिक वाद्यवृंदरचना केल्या, मुलांबरोबर वाजवलं, १९८८ मध्ये मॉस्कोत रेगन आणि गोर्बाचोव्ह यांच्या भेटीच्या वेळी मैफल केली. ५ डिसेंबर २०१२ ला तो गेला. दुसऱ्या दिवशी ब्याण्णव पूर्ण झाले असते.

ऐकायला कुठून सुरुवात करावी? ‘टेक फाइव्ह’ तर आहेच. ड्रमचा सोलो सुरू झाला की मुद्दाम ड्रमकडे दुर्लक्ष करा आणि मागचा पियानो ऐका. ‘थ्री टू गेट रेडी’मध्ये तीनचे दोन मोजा, मग चारचे दोन. आणि रूपक ताल हातावर असेल तर १९६१ चा ‘अनस्क्वेअर डान्स’ लावा. सात मात्रांचा, पण रूपकासारखा तीन-दोन-दोन नाही, दोन-दोन-तीन. टाळ्या वाजतात, बास चालतो, मोरेलो ड्रमच्या कडेवर काठ्या नाचवतो. जेमतेम दोन मिनिटांचा तुकडा आहे, मोजता मोजता संपतो. शेवटचा ठोका पडल्यावर लगेच बंद करू नका. सुटलो एकदाचे, अशा थाटात कुणीतरी हसल्याचा आवाज येतो. तो मोरेलो आहे.